चेहरा टाइट करून घेण्याआधी आणि नंतर

तुळशीची लग्नं लागली की आमच्या दवाखान्यातला फोन शांत बसत नाही. ‘सिस्टर, पुतणीचं लग्न आलंय पंधरा दिवसांवर. ते चेहरा ओढून घेणारं मशीन आहे ना तुमच्याकडे? शनिवारी करून टाकू.’ मी समोरच्या कालनिर्णयाकडे बघते आणि मनात म्हणते, बाई, तू पितृपक्षात यायला हवं होतंस. त्या पंधरवड्यात आमच्याकडे अगदी शुकशुकाट असतो. नवीन काही करायचं नाही म्हणून लोक येत नाहीत, आणि मार्गशीर्षातल्या लग्नासाठी खरा मुहूर्त नेमका तोच असतो. का, ते पुढे सांगते.

मी डॉक्टर नाही. पुण्यात एका त्वचारोगतज्ज्ञांच्या हाताखाली अकरा वर्षं काम करते. पेशंटची माहिती लिहून घ्यायची, बधिर करायचं क्रीम लावायचं, मशीनची तयारी करून द्यायची, आणि दोन दिवसांनी फोन करून ‘काय म्हणतोय चेहरा?’ विचारायचं. मशीन चालवतात डॉक्टर, आणि ते काम तासाभराचं. त्यानंतर चेहरा उजळेल की डागाळेल हे बरेचदा घरी ठरतं: न्हाणीघरात, गॅससमोर, स्कूटरवर. तिथे काय करायचं आणि काय नाही, ते क्रमाने सांगते.

एक गोष्ट मात्र आधी डोक्यात पक्की करा. आपली सावळी-गव्हाळ कातडी सुरकुतायला वेळ घेते, पण डागाळायला अजिबात घेत नाही. डास चावला तरी महिनाभर काळा ठिपका राहतो ना, तीच ही खोड. त्वचेला कुठेही दाह झाला की ती जास्तीचं रंगद्रव्य सोडते, आणि तो डाग जायला महिने लागतात. पुढच्या सगळ्या सूचना या एकाच भीतीपोटी आहेत.

मशीन आत काय करतं

त्वचेला ताठ ठेवणारा मुख्य धागा म्हणजे कोलेजन. विशीनंतर तो दर वर्षी साधारण एक टक्क्याने कमी होत जातो असं मानतात. पाळी थांबल्यावर मात्र पहिल्या पाचेक वर्षांत तो जवळजवळ तीस टक्क्यांपर्यंत घटू शकतो. पन्नाशीच्या बायका म्हणतात, ‘वर्षभरात चेहरा एकदम उतरला हो.’ तो त्यांचा भ्रम नसतो.

मटणाचा तुकडा गरम पातेल्यात पडला की आक्रसतो, कारण त्यातलं कोलेजन उष्णतेने आखडतं. टाइटनिंगची मशीनंही हेच करतात, फक्त मोजून-मापून. त्वचेच्या आत ठरावीक खोलीवर साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस उष्णता द्यायची. धागे थोडे लगेच आखडतात. मग शरीराला वाटतं इथे इजा झाली, आणि ते नवीन कोलेजन विणायला बसतं. हे विणकाम तीन ते सहा महिने चालतं. दुसऱ्या दिवशी आरशात जो ताठपणा दिसतो तो बराचसा सुजेचा असतो. ती सूज उतरली की ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणून फोन येतात. खरं काम तर तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं. म्हणून पितृपक्ष.

दवाखान्यात तुमच्या कानावर तीन-चार नावं पडतील. हायफू म्हणजे ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटणं. भिंगाने उन्हात कागद जाळायचो तसंच, भिंग गार आणि कागदावर चटका. त्याची कार्ट्रिज, म्हणजे मशीनच्या टोकाला बसवायचे बदलते भाग, १.५, ३ आणि ४.५ मिलिमीटर अशा खोलीची येतात. साडेचार मिलिमीटरवरचा थर म्हणजे शस्त्रक्रियेच्या फेसलिफ्टमध्ये सर्जन ज्याला हात घालतात तोच. आरएफ म्हणजे रेडिओ लहरींची ऊब. ती त्वचेत जास्त पसरट जागेत तापते. एमएनआरएफमध्ये बारीक सुया आत जाऊन टोकाशी तीच उष्णता सोडतात, म्हणजे इथे कातडीला खरोखर भोकं पडतात. चौथा फ्रॅक्शनल लेझर, म्हणजे प्रकाशाचा झोत कातडीवर बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी मारणं. सुरकुत्या आणि खड्ड्यांवर चांगला, पण आपल्या रंगाच्या त्वचेत डाग पाडण्यात तोच सगळ्यात पुढे.

हा रंगाचा हिशोब डॉक्टर आकड्यात करतात. टॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ मध्ये ती मोजपट्टी केली, तीही मुळात गोऱ्यांसाठी. सावळ्या आणि काळ्या कातडीचे पाचवा आणि सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले. आपल्यातले बहुतेक जण चौथ्या-पाचव्यात बसतात. हायफू आणि आरएफ रंगद्रव्याकडे बघत नाहीत, म्हणून आपल्याला त्यातल्या त्यात बरे. पण रंग न बघणारं मशीनसुद्धा चुकीच्या हातात भाजतंच.

पहिली भेट: कुणाकडे, आणि काय सांगायचं

पार्लरमध्ये हायफू करून घेऊ नका. तिथल्या ताईंचा हात हलका असेल, स्वभाव गोड असेल, तरीही. खालच्या जबड्याच्या कडेने ओठाची बाजू हलवणारी एक बारीक नस जाते, आणि डोळ्याच्या खोबणीत तर ही लहर जाताच कामा नये. भाजण्याच्या आणि नसांना इजा होण्याच्या तक्रारी वाढल्यावर जपानच्या आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये सांगून टाकलं की हायफू हे वैद्यकीय काम आहे, डॉक्टरनेच करायचं. एमएनआरएफबद्दलही अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, ऑक्टोबर २०२५ मध्ये इशारा दिला. भाजणं, व्रण, चेहऱ्यावरची चरबी कमी होणं, नसांना इजा अशा तक्रारी त्यात आहेत.

आपल्याकडे बघायचं ते असं. डॉक्टरांच्या पाटीवर त्वचारोगाची पदवी आहे का, एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का. आणि उघड विचारा, ‘हे तुम्ही स्वतः करणार की दुसरं कुणी?’ राग आला तर येऊ दे. एमएनआरएफची सुयांची कार्ट्रिज एका माणसासाठी एकदाच असते. ती तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला सांगा. हायफूच्या कार्ट्रिजला ठरावीक शॉट, म्हणजे मोजके चटके, असतात, ते संपले की ती बदलावी लागते. त्यामुळे ‘अमुक रुपयांत पूर्ण चेहरा’ अशी जाहिरात बघितलीत की विचारा, किती शॉट?

आता तुमची बाजू. घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून आणा, रिकाम्यासुद्धा. ‘ती पांढरी छोटी गोळी’ ऐकून मला काही कळत नाही. पेसमेकर असेल तर ते पहिलं वाक्य असू द्या. मग गरोदरपण किंवा अंगावर पाजणं, मधुमेह, रक्त पातळ करायची गोळी, अंगात कुठे धातूची पट्टी किंवा रॉड, दातांचं इम्प्लांट, चेहऱ्यात पूर्वी घेतलेलं फिलर, बोटॉक्स किंवा कातडी ओढून धरणारे दोरे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर तेही सांगा. पूर्वी ती बंद करून सहा महिने थांबायला लावायचे. आता तो नियम बराच सैल झालाय, पण निर्णय डॉक्टरांचा. रक्ताची गोळी मात्र आमच्यासाठी म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. थोडं काळंनिळं झालं तर ते आठवड्यात जातं.

जखमेच्या जागी जाड, वर आलेला व्रण उठायची खोड असेल, कान टोचले तिथे गोळा आला होता वगैरे, तर तेही सांगायचं. तापानंतर ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात त्यांनीही सांगायचं. तो विषाणू उष्णतेने आणि सुयांनी पुन्हा जागा होतो, आणि डॉक्टर आधीपासून गोळ्या देऊन ठेवतात.

आणि एक गोष्ट, जी बायका सगळ्यात शेवटी, दाराशी उभं राहून, हळू आवाजात सांगतात: ‘ते एक क्रीम लावते मी... पार्लरवालीने दिलंय.’ गोरं करणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या डबीतल्या क्रीममध्ये बरेचदा स्टेरॉइड असतं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या तिहेरी मिश्रणाच्या ट्यूबमध्येही ते असतंच. त्याने कातडी कागदासारखी पातळ होते, आणि अशा त्वचेवर उष्णता देणं म्हणजे आगीशी खेळ. काही क्रीममध्ये तर पारा सापडतो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीमने बिघडल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली होती. तेव्हा लाजू नका, ती डबी घेऊनच या. डॉक्टर ते क्रीम हळूहळू सोडवतील आणि टाइटनिंग काही महिने पुढे ढकलतील. ढकलू द्या.

शेवटचं, अपेक्षा. गळ्याची लोंबलेली कातडी कापून वर घेतल्यासारखा परिणाम यातलं कुठलंही मशीन देत नाही. चाळिशी-पन्नाशीतली किंचित सैल हनुवटी, गालाची सुटलेली कड, याला बरं. चेहरा मुळात बारीक असेल तर जास्त खोल उष्णतेने आहे ती चरबीही जाऊ शकते आणि माणूस आजारी दिसायला लागतो. वजन भराभर उतरत असेल, इंजेक्शनने किंवा डाएटने, तर ते स्थिरावेपर्यंत थांबा. ‘तुम्हाला गरज नाही’ म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याला सोडू नका.

दोन ते चार आठवडे आधी

आतापासूनची सवय एकच: सनस्क्रीन. किमान एसपीएफ ३०, शक्यतो ५०, आणि पाकिटावर PA या अक्षरांपुढे तीन-चार अधिक चिन्हं (+). पहिली दोन बोटं भरून जेवढं येईल तेवढं चेहरा आणि गळ्याला लागतं. लोक वाटाण्याएवढं लावतात आणि म्हणतात, काही उपयोग होत नाही. घराबाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी परत. ज्यांना वांग आहेत त्यांनी रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं घ्या. आपल्या रंगाच्या त्वचेला नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही डाग गडद होतात, आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. पावसाळ्यात ढग आहेत म्हणून सुट्टी नाही. ढगांतूनही ते किरण येतात.

सनस्क्रीन चिकट वाटतं, घाम येतो, चेहरा पांढरा दिसतो, या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत. म्हणूनच आधी सुरू करायचं. दोन-तीन ब्रँड बदलून तुमच्या चेहऱ्याला मानवणारं एक सापडलं पाहिजे, तेही त्वचा शाबूत असताना. ट्रीटमेंटनंतर नवीन ट्यूब उघडून पुरळ उठवून घेणाऱ्या मी खूप पाहिल्यात.

लेझर किंवा सुयांचं काम असेल तर डॉक्टर कधी कधी रात्री लावायला डाग रोखणारं क्रीमही देतात. ते दिलं तेवढेच दिवस लावायचं. मैत्रिणीला द्यायचं नाही.

शेवटचा आठवडा

रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, अॅडापलीन ही रात्रीची क्रीमं, आणि ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक अॅसिड असलेले फेसवॉश-सीरम चार-पाच दिवस ते आठवडाभर आधी थांबवा. नेमके दिवस डॉक्टर सांगतील. फेशियल, स्क्रब, ब्लीच, वॅक्स बंद. भुवयांचं थ्रेडिंग करायचंच असेल तर आठवडाभर आधी उरकून घ्या. वरच्या ओठाचं आणि हनुवटीचं तर नकोच, कारण ओढलेल्या जागी कातडी आधीच चिडलेली असते.

बेसन-हळद-लिंबू हा लेपही यातच आला. आजीचं नाव घेऊन भांडायला येऊ नका. लिंबू म्हणजे अॅसिडच, आणि वाळलेलं बेसन खरवडून काढणं म्हणजे स्क्रबच.

कोकणात, गोव्यात समुद्रावर जाऊन उन्हाने रापून आला असाल तर तारीख पुढे घ्या. रापलेली कातडी रंग सोडायला टपलेलीच असते. चेहऱ्यावर पिकलेला मुरूम, गजकर्ण, कुठे जखम, ताप, काहीही उठलं तर आधी फोन करा. आम्ही तारीख बदलून देतो. न सांगता येऊन टेबलावर झोपलात की आमच्या डॉक्टरांचा आवाज चढतो आणि ऐकावं मला लागतं.

त्या दिवशी

पोटभर खाऊन या. हे मी जाड अक्षरात लिहिलं असतं. संकष्टीचा उपास धरून, चहाच्या कपावर आलेल्या बाईंना चक्कर येऊन मी धरलंय, एकदा नाही, बऱ्याचदा. तारीख घेतानाच कॅलेंडरात चतुर्थी, एकादशी बघा.

चेहरा धुऊन, काही न लावता. पुढे बटणं असलेला कुर्ता किंवा शर्ट, म्हणजे नंतर डोक्यावरून काढताना घासणार नाही. पुरुषांनी आदल्या दिवशी दाढी करावी, त्याच सकाळी नको. हो, पुरुषही येतात, बायकोला सोडायला आलो म्हणत आत येतात आणि दर विचारून जातात.

दागिने घरीच ठेवा. आरएफला धातू चालत नाही, काही मशीनमध्ये तर पाठीला किंवा पोटाला एक पट्टा चिकटवून विजेचा मार्ग पूर्ण करावा लागतो. मागे एक काकू गळ्याला आरएफ करायला आल्या आणि मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर उठूनच बसल्या. ‘तीस वर्षांत नाही काढलं गं.’ मी म्हटलं, ‘काकू, मग आज नुसते गाल करू, गळा राहू दे.’ त्या बाहेर गेल्या आणि दोन मिनिटांनी परत आल्या. मी डोकावून बघितलं तर काका बाकावर बसले होते, मंगळसूत्र मुठीत धरून. सगळं होईपर्यंत त्यांनी मूठ उघडली नव्हती.

फोटो काढायला नाही म्हणू नका. एकाच भिंतीसमोर, एकाच उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. तीन महिन्यांनी तुम्हालाच तो लागणार आहे.

बधिर करायचं क्रीम पाऊण ते एक तास ठेवतात. वेळ वाचवायला ते घरूनच, चेहराभर थापून, वर प्लास्टिक गुंडाळून येऊ नका. जास्त जागेवर जास्त वेळ राहिलं तर ते औषध रक्तात उतरतं आणि हृदयाचे ठोकेसुद्धा बिघडू शकतात. हे काम दवाखान्यातच. हायफूमध्ये क्रीम लावूनही जबड्याच्या हाडाजवळ आणि दातांत झिणझिणी येतेच, गरम टाचणी टोचल्यासारखी. सहन होतं तोवर ठीक. वरच्या कातडीला चटका बसल्यासारखं वाटलं तर मात्र तत्क्षणी बोला, हात वर करा. ‘डॉक्टर काय म्हणतील’ म्हणून दात-ओठ खाऊन सोसणाऱ्यांनाच फोड आलेले मी बघितलेत.

पहिले दोन दिवस

हायफू किंवा साध्या आरएफनंतर चेहरा काही तास लाल, थोडा सुजलेला. जबड्याखाली दाबलं की दुखतं, आणि ते हळवेपण दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतं. कुठे बधिर, कुठे मुंग्या. हे सगळं चालतं. एमएनआरएफनंतर चेहरा दिवसभर उन्हातून आल्यासारखा तापतो. सुयांचे बारीक ठिपके चौकटीच्या जाळीसारखे उमटतात आणि साधारण आठवड्यात पडून जातात.

गार करायचं ते गार कपड्याने किंवा रुमालात गुंडाळलेल्या जेल पॅकने, पाच-दहा मिनिटं, मध्ये थांबून. फ्रीजरमधला बर्फ थेट लावायचा नाही. बधिर कातडीला बर्फाचा चटका कळतसुद्धा नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेनसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या बरेच डॉक्टर टाळायला सांगतात, कारण कोलेजन विणायला ती थोडी सूजच तर हवी असते.

हायफूनंतर त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने तोंड धुवा, काही बिघडत नाही. एमएनआरएफनंतर डॉक्टर सांगतील तितके तास, बरेचदा दिवसभर, पाणी नको. मग फेस न येणारं साधं क्लेन्झर, सिरामाइडवालं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. एवढीच तीन. चौथी वस्तू नाही. व्हिटॅमिन सी, कुमकुमादी तेल, अंगणातली कोरफड, खोबरेल, टूथपेस्ट, हळद: यातलं काही नाही. भोकं पडलेल्या कातडीवर हे सगळं थेट आत जातं. दोन वर्षांपूर्वी एकींनी तिसऱ्याच दिवशी साय-हळद लावली, जळजळ झाली म्हणून चोळून धुतली. गालावर आलेला काळा पट्टा जायला पाच महिने गेले. एवढ्या महागड्या ट्रीटमेंटनंतर तो पट्टा स्वस्तातल्या हळदीने आणला.

झोपताना उशी थोडी उंच, उताणं, अभ्रा धुतलेला. व्यायाम, दारू, गरम पाण्याने डोक्यावरून अंघोळ, वाफ घेणं हे दोन दिवस बंद. सर्दी झाली तरी वाफारा घ्यायचा नाही. मेकअप हायफूला दुसऱ्या दिवशी चालतो, सुयांना दोन दिवस तरी नको.

पहिला आठवडा

कागदावर छापलेल्या सूचनांत ‘अति उष्णता टाळा’ एवढंच असतं. आपल्या बायकांना त्याचा अर्थ कळत नाही, कारण सॉनात त्या मुळातच जात नाहीत. म्हणून सांगते: अति उष्णता म्हणजे पोळ्यांचा तवा. कुकरचं झाकण उघडताना येणारी वाफ. कढईवर वाकून केलेली फोडणी. मोदकपात्र. पाच-सहा दिवस पोळ्या दुसऱ्या कुणीतरी लाटाव्या, नाहीतर विकत आणाव्या. एक काकू म्हणाल्या, ‘एवढ्यासाठी तरी करून घेतलंच पाहिजे.’

दुसरा शत्रू स्कूटर. पुण्यात ऊन लागू नये म्हणून तोंडाला स्कार्फ गच्च बांधतात. आतला घाम, वरची धूळ आणि गालाला घासणारा सिंथेटिक कपडा, आठवडाभर हे नको. बांधायचाच तर जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा, सैल, रोज धुतलेला. हेल्मेट काढून फिरा असं मी म्हणणारच नाही, पण हायफूनंतर हनुवटीखालचा पट्टा नेमका दुखऱ्या जागी बसतो. मी स्वतः करून घेतलं तेव्हा दुसऱ्या दिवशी सिंहगड रोडवरून येताना प्रत्येक खड्ड्याला डोळ्यांत पाणी आलं. तीन-चार दिवस रिक्षाने जा. मुंबईकरांनी गर्दीची लोकल चुकवता आली तर बघावं. कुणाच्या तरी बॅगेचा कोपरा गालात बसतोच.

पोहणं एक आठवडा नको, क्लोरीन झोंबतं. कपाळावर काम झालं असेल तर चिकटवायची टिकली काढून ठेवा. तिच्या गोंदाने एरवीही काहींना पांढरा डाग पडतो. सुयांच्या खपल्या खाजवायच्या नाहीत, नखाने तर मुळीच नाही. आठवडाभराने त्वचा कोरडी, खरखरीत वाटेल, मॉइश्चरायझर वाढवा. रेटिनॉल आणि अॅसिडं जळजळ पूर्ण थांबल्यावर, डॉक्टरांनी ‘हो’ म्हटल्यावरच.

सणांचं बघा. विसर्जनाचा गुलाल, रंगपंचमी, घरातल्या कुणाची हळद: यातलं काहीही पुढच्या दोन आठवड्यांत येत असेल तर तारीखच चुकली असं समजा. ‘मी लांब उभी राहीन’ हे वाक्य आजवर कुणाचं खरं झालेलं नाही.

कधी वाट न बघता यायचं

पांढरट किंवा राखाडी चट्टा, पाण्याचा फोड, वळ उठल्यासारख्या रेघा ज्या दुसऱ्या दिवशीही तशाच आहेत. दोन दिवसांनंतर दुखणं कमी न होता वाढत जाणं, पू, ताप. ओठाजवळ फोडांचा पुंजका. हसताना तोंड एका बाजूला जाणं: ही नस दुखावल्याची खूण, बहुतेक वेळा काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप बरी होते, पण डॉक्टरांनी बघायला हवी. डोळा लाल, धूसर दिसणं, प्रकाश सहन न होणं: थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, त्याच दिवशी.

व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून ‘हे नॉर्मल आहे का?’ विचारत दोन दिवस घालवू नका. फोटोत फोड गुलाबी ठिपक्यासारखा दिसतो. भाजल्यावर लवकर औषध सुरू झालं तर डाग बराच वाचतो.

मग तीन महिने

आता करायचं फार काही नाही, आणि तेच लोकांना जमत नाही. रोज आरशात गाल ओढून बघायचे नाहीत. सनस्क्रीन सोडायचं नाही. चौथ्या आठवड्यात, लाली कधीच गेलेली असताना, कंटाळून ते सोडतात आणि मग वांग घेऊन येतात. सिगारेट असेल तर नवीन विणलेलं कोलेजन ती तुमच्यादेखत उसवते. प्रथिनं खा: डाळ, अंडं, दही, मासे, जे घरात चालतं ते. कोलेजनच्या महागड्या पावडरीबद्दल मला विचारतात. मी घेत नाही, एवढंच सांगते.

आरएफची सहसा काही आठवड्यांच्या अंतराने तीन-चार सेशन होतात, एमएनआरएफचीही तशीच. हायफू बहुतेकांना वर्षा-दीड वर्षाने एकदा. मध्येच ‘अजून एक मारून द्या ना’ म्हणून हट्ट धरू नका. आधीची वीण पुरी व्हायच्या आत पुन्हा उष्णता दिली की फायदा वाढत नाही, धोका वाढतो. लग्नासाठी करत असाल तर शेवटच्या महिन्यात मशीन नाही, नवीन क्रीम नाही, नवीन पार्लर नाही.

नव्वद दिवसांनी परत या. त्याच भिंतीसमोर, त्याच उजेडात, केस मागे बांधून, हनुवटी सरळ. आणि फोटो काढताना हसू नका. हसलं की सगळेच गाल वर जातात, मग आधीचं आणि नंतरचं काय ते आम्हाला कळत नाही.